कारा-जिल्ग्याचा वाचनाचा तास

उमसुनाई एजे एखाद्या गावात येणार असं कळलं, की आदल्या दिवशी शाळेच्या भिंतींना चुना लागायचा आणि मुख्याध्यापकांच्या घरी सकाळपासून मोठं भांडं चुलीवर चढायचं. एजे म्हणजे आमच्याकडे मोठी ताई, सगळेच तिला तसं म्हणायचे. तिला आणणारा मी. गाडी शिक्षण कार्यालयाची, पण मी ती इतकी वर्षं चालवली की तिचा कोणता खडखडाट खोटा आणि कोणता खरा ते फक्त मलाच कळायचं. फाटकाशी गाडी थांबली की आधी पळापळ दिसायची, मग एकदम सामसूम. व्हरांड्यात कोणी हसत असेल तर तोंड पुसल्यासारखं हसू पुसायचं. तास झाल्यावर जेवायला बसवायचे, वाढ वाढ वाढायचे, आणि तिच्यासमोर एक माणूस धड घास घेईल तर शपथ. मी मात्र पोटभर जेवायचो. ड्रायव्हरला कोण घाबरणार?

आमच्या नारिनकडच्या डोंगराळ तालुक्यात शाळा-शाळांतून वाचनाचे तास पाहायचे, हे तिचं काम. वर्गात बसायचं, बाई मुलांना वाचायला कसं शिकवते ते बघायचं आणि कागदावर गुण द्यायचे. तिच्या आधीचे साहेबलोक मागच्या बाकावर बसायचे, फळ्यावरचं अक्षर बघायचे, बाईंचा पोशाख बघायचे आणि शेगडीच्या उबेत डुलक्या काढायचे. सगळे त्यांच्यावर खूश होते. एजे राजधानीत, बिश्केकला, प्रशिक्षणाला जाऊन आली आणि तिच्या डोक्यात काही भलतंच शिरलं. ती स्टूल घेऊन पुढे खिडकीपाशी बसायला लागली, मुलांकडे तोंड आणि बाईंकडे जवळजवळ पाठ करून.

"बाईकडे बघून काय कळणार, सागिन?" ती मला गाडीत म्हणायची. "बाईला वाचता येतंच. मी पोरांचे डोळे बघते. जे पोरगं वाचतं त्याची नजर ओळीवर चालते, मध्येच अडते, मागे जाते, परत पुढे येते. ज्यानं घोकलंय त्याची नजर कुठेही असते. कावळ्याकडे, खिडकीकडे, माझ्या बुटांकडे."

शिक्षिकांना हे मुळीच आवडायचं नाही. आमच्याकडे पाठ करून बसते, हा कसला शिष्टाचार, असं त्या आपसात म्हणायच्या. माझ्या बायकोचंही मत तेच होतं, कारण तीसुद्धा तिसरीला शिकवते. म्हणून घरी मी एजेचं नाव काढत नसे.

ती एकटी होती. हे गोड करून सांगण्यात काही अर्थ नाही. नवरा कधीच गेला होता. मुलगी रशियात कुठल्याशा खाणावळीत भांडी घासायची आणि रविवारी फोन करायची. नात फोनवर यायची तीही रशियनच बोलायची, मग एजे नुसती "बरं, बरं" म्हणत राहायची. गल्लीतली मुलं तिला पाहिली की रस्ता ओलांडायची. ही बाई दुकानाची पाटी वाचायला लावते अशी अफवा होती, आणि खरं सांगायचं तर ती अगदीच खोटी नव्हती. वाईट स्वभावाची असती तर मी समजू शकलो असतो. पण तिनं कोणाला टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. तिची नजरच लोकांना सोसत नव्हती, दुसरं काही नाही.

एक घर मात्र होतं जिथं ती गेली की कोणी सावरून बसत नसे. कारा-जिल्गा हे आमच्या खोऱ्याचं शेवटचं गाव. त्याच्या पुढे फक्त कुरणं आणि बर्फ. तिथली शिक्षिका कुलुइपा. दोघी एकाच अध्यापक विद्यालयात शिकलेल्या, एकाच खोलीत राहिलेल्या. महिन्यातून एका रविवारी एजे मला पेट्रोलचे पैसे देऊन तिकडे न्यायला सांगायची. आम्ही अंगणात शिरायच्या आत कुलुइपाचा आवाज यायचा.

"आली का गं तालुक्याची दहशत? बूट तिकडेच काढ, आत्ताच सारवलंय. आणि सागिन, तू काय पाहुणा आहेस? लाकडं फोड."

कुलुइपाचा आवाज म्हणजे काय होता ते सांगायला हवं. तिचे आजोबा वीरगाथा गाणारे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रात्रभर गायले तरी ओळ चुकायची नाही. नात त्यांच्या मांडीवर बसून ऐकत वाढली. ती साधं "मीठ आण" म्हणाली तरी माणूस हातातलं काम थांबवायचा. जेवण झालं की ती म्हणायला सुरुवात करायची, घोडे, लढाया, रडणाऱ्या बायका, सगळं. आणि एजे भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायची. इतर वेळी सदान्‌कदा उघडे असलेले ते डोळे मी तिथेच मिटलेले पाहिले.

कारा-जिल्गा दुसऱ्या निरीक्षकाच्या वाटणीला होतं, म्हणून हे सगळं टिकलं. तो निवृत्त झाला आणि ते गाव एजेच्या वाटणीला आलं. तिनं कार्यालयाच्या मोठ्या साहेबांना सांगून पाहिलं की मला ते नको. साहेब म्हणाले, मग दुसरं कोण आहे? कोणी नव्हतं.

तपासणीला निघालो तेव्हा गाडीत ती पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा लावत होती. मी म्हटलं, "एजे, काळजी कशाची? तिच्या वर्गाचं नाव अख्ख्या खोऱ्यात आहे. लोक खिडकीशी थांबून ऐकतात."

"तेच," ती म्हणाली. "लोक ऐकतात."

ऑक्टोबर होता, चिनार पिवळे झाले होते. वर्ग दुसरीचा. आमच्याकडे एकच शिक्षिका पहिलीपासून चौथीपर्यंत तीच मुलं घेऊन पुढे जाते, त्यामुळे ती मुलं अक्षर न्‌ अक्षर कुलुइपाच्याच हाताखाली शिकलेली. बाहेर गार वारा होता म्हणून तिनं मलाही आत ओढून शेगडीपाशी बसवलं. तिला भीती नव्हती. गालांवर लाली होती, सणाला नवा पोशाख घातल्यासारखी ती मिरवत होती. इतक्या वर्षांनी मैत्रीण आपला वर्ग बघणार, याचाच तिला आनंद होता.

मुलांनी पुस्तकं उघडली आणि वाचायला लागली. मी काही हळवा माणूस नाही, पण शेगडीत लाकूड घालायचं विसरलो. एकेक मूल उठायचं आणि धडा असा म्हणायचं की हिवाळ्याचा धडा ऐकताना थंडी वाजावी. जानिल नावाची दोन वेण्यांची मुलगी होती. तिचा आवाज तर थेट कुलुइपाचाच, फक्त बारीक. ती संपवून बसली तेव्हा मी टाळी वाजवणारच होतो.

मग माझं लक्ष एजेकडे गेलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नंतर तिनं मला सांगितलं की जानिलनं पान उलटलं तेव्हा तिचा आवाज पुढच्या पानावर केव्हाच पोचला होता.

एजे उठली. पिशवीतून एक कागद काढला. तिनं स्वतः ठळक अक्षरात लिहिलेल्या चार साध्या ओळी होत्या, कोणाचं तरी कोकरू हरवल्याच्या. दुसरीतल्या मुलाला जड जाईल असं त्यात काही नव्हतं. तो तिनं जानिलपुढे ठेवला. मुलगी कागदाकडे बघत राहिली. मग तिनं शेजारच्या मुलाला दिला, मग त्याच्या मागच्याला. कागद वर्गभर फिरला. शेवटी जानिलच समजावणीच्या सुरात म्हणाली, "हा आम्हाला बाईंनी अजून म्हणून दाखवला नाही."

आणि कुलुइपा हसली. अगदी मोकळी, मनापासून.

"अगं, न घेतलेला धडा कसा वाचतील? तूही कमाल करतेस. थांब, मी एकदा म्हणते, मग बघ."

तिनं कागद घेतला, एकदा म्हटला. मुलांनी लगेच उचलला, कोकरू हरवल्याचं दुःख घालून. कुलुइपा विजयानं मैत्रिणीकडे पाहत होती. तिनं फसवाफसवी केली असती तर एजेला सोपं गेलं असतं. फसवणाऱ्या शिक्षिका तिनं ढीगभर पाहिल्या होत्या. ही खरोखरच समजत होती की वाचन म्हणतात ते हेच. आजोबांकडून ती तशीच शिकली होती, ओळ ऐकायची आणि ओळ उचलायची. पुस्तक हातात धरायचं ते सरकारनं दिलंय म्हणून.

कुलुइपाच्या घरी जेवायला पालक जमले होते, मेंढी कापली होती. जानिलचे आजोबा शेरगाझी, अख्ख्या गावाचे अता म्हणजे आजोबाच, माझ्या शेजारी बसले होते, आणि मला गुडघ्यानं ढोसून ढोसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते.

"आमची जानिल परवा संध्याकाळी धडा वाचत होती. मध्येच लाईट गेली. मी म्हटलं, राहू दे पोरी, आता काय दिसणार. पण थांबते कसली? अंधारात सगळा धडा वाचला आणि मगच उठली."

"वा," सगळे म्हणाले. "वाचन म्हणजे असं पाहिजे."

मीही मान डोलावली, घास तोंडात होता म्हणून बोललो नाही. एजेनं वाटी खाली ठेवली आणि ती बाहेर गेली. मी गाडीत पाणी घालायचं निमित्त काढून मागे गेलो. कुलुइपा तिच्या मागोमाग अंगणात आली होती.

"काय झालं? मटण कच्चं राहिलंय का?"

"कुलुइपा, तुझी मुलं वाचत नाहीत."

"कोणतं? त्या कोपऱ्यातल्या पोराला म्हणतेस? तो जरा ढच आहे."

"एकही नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? आत्ता तुझ्या कानांनी ऐकलंस."

"ऐकलं. पुस्तकं काढून घेतली असती तरी इतकंच छान ऐकू आलं असतं."

"मग चांगलंच की. पुस्तक पोटात गेलं, आणखी काय पाहिजे?"

"आणि जे पुस्तक तू म्हणून दाखवणार नाहीस, त्याचं काय?"

कुलुइपा थांबली. "म्हणून दाखवीन. मी काय मरतेय?"

"चौथीनंतर ती खालच्या गावच्या शाळेत जातील. तिथं कोण आहे म्हणून दाखवायला? औषधाच्या बाटलीवरचं कोण म्हणून दाखवेल?"

आतून शेरगाझी अतांचा आवाज येत होता. अंधाराची गोष्ट ते दुसऱ्यांदा सांगत होते.

"काय लिहिणार आहेस?" कुलुइपानं विचारलं.

"खरं."

"माझ्या घरी जेवून?"

"तुझ्या घरी जेवून."

परतीच्या वाटेवर मला राहवेना. राग आला होता मला. म्हटलं, "एजे, थोडं इकडचं तिकडे करा की. इतक्या शाळांना तुम्ही खरं लिहिता, काय मोठा उजेड पडला? एका ठिकाणी डोळे मिटून सही केलीत तर डोंगर कोसळत नाही. तुम्हाला जायला दुसरं घर तरी कुठाय?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं, पण बोललो. तिला ते लागलं नाही. तिनं आधीच त्याचा विचार केला होता.

"मी खोटं लिहिलं तर ती मला बोलावत राहील," ती म्हणाली. "मी जाईन, जेवेन, ती म्हणायला लागेल. आणि मला जानिल दिसत राहील, तो कागद बघत बसलेली. मग मला डोळे मिटता येतील का, सागिन?"

तिनं खरं लिहिलं. साहेबांनी तो कागद वाचला आणि लगेच निकाल देऊन टाकला, कुलुइपाचा वर्ग काढून दुसऱ्याला द्या आणि तिला ग्रंथालयात बसवा. एजे त्यांच्या टेबलासमोरून हलेना. वर्षभर थांबा, तिला मी शिकवते, मुलांना वाचता आलं नाही तर आम्हा दोघींनाही ग्रंथालयात बसवा, म्हणाली. साहेबांना माणसाची टंचाई होतीच. ते हो म्हणाले.

त्या हिवाळ्यात आम्ही दर पंधरवड्याला कारा-जिल्ग्याला जात होतो. चाकांना साखळ्या बांधून, दोनदा तर बर्फातून गाडी खणून काढून. कुलुइपा दारात उभी राहायची, "या" म्हणायची, आणि शाळेकडे चालू लागायची. लाकडं फोडायला मला कोणी सांगितलं नाही. ती विद्यार्थिनीसारखी ऐकायची. आधी तू म्हणायचं नाहीस, एजे सांगायची. मुलाला अडू दे, त्याचं त्याला सुटू दे. कुलुइपाला हे सगळ्यात जड गेलं. मूल शब्दापाशी अडलं की तिचे ओठ आपोआप हलायचे. मग ती तोंडावर हात ठेवायला लागली. मी शेगडीपाशी बसून पाहिलंय, हात तोंडावर दाबून धरलेला आणि डोळ्यांत पाणी.

गावात वेगळीच बोंब. शेरगाझी अतांनी मला फाटकात गाठलं. "काय चाललंय हे? आमची जानिल एवढी सुरेख वाचायची. आता लंगड्या घोड्यासारखी वाचते. त्या तालुक्याच्या बाईनं पोरी बिघडवल्या."

मी म्हटलं, "अता, जरा दम धरा."

मे महिन्यात तपासणी झाली. एजेनं पिशवीतून नवा कागद काढला, कोणीही न पाहिलेला. जानिल उभी राहिली. तिची नजर ओळीवर चालायला लागली, अडली, मागे गेली. आवाजात काही सुरेख नव्हतं, दगडांवरून पाय टाकत नदी ओलांडावी तसं चाललं होतं. गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. तो गाढवावर बसून गाढव शोधत फिरतो. जानिल त्या ओळीपाशी आली, थांबली, तीच ओळ पुन्हा मनात वाचली आणि एकटीच खुदकन हसली. वर्गात बाकी कोणाला अजून माहीतच नव्हतं काय झालंय ते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनं कागदातून काढलं होतं.

एजेनं रुमाल काढला आणि खिडकीकडे तोंड केलं.

तास संपल्यावर ती कुलुइपापाशी गेली. मी गाडीचं दार उघडून उभा होतो, फार लांब नव्हतो.

"झालं," एजे म्हणाली. "वर्ग तुझाच राहिला. आता रविवारी येऊ ना?"

कुलुइपा तिच्याकडे बघत होती. रागानं नव्हे. राग असता तर बरं झालं असतं.

"तू बरोबर होतीस," ती म्हणाली. "हे मी कोणासमोरही सांगेन, अतांसमोरसुद्धा. पण घरी येऊ नकोस, उमसुनाई."

"का गं?"

"मी बोलायला तोंड उघडलं की तू दिसतेस. वर्गात तर दिसतेसच. गोठ्यात गुरांना हाक मारतानाही दिसतेस. आजोबांचं काही म्हणायला घेतलं, तर वाटतं ही मला आता थांबवणार. घरात सगळे विचारतात, तुझ्या घशाला काय झालं."

"जाईल ते हळूहळू."

"गेलं की बोलावीन," कुलुइपा म्हणाली आणि आत गेली.

तिनं बोलावलं नाही. एजेनं वाट पाहिली, हे मला माहीत आहे. कारण रविवारी सकाळी ती उगाचच मला फोन करून गाडी ठीक आहे ना विचारायची. मी ठीक आहे म्हणायचो, मग ती फोन ठेवायची.

पुढच्या दोन-तीन वर्षांत कुलुइपाचा वर्ग तालुक्यात पहिला आला, आवाजासाठी नव्हे, वाचनासाठी. नव्या शिक्षिकांना तिचा तास पाहायला पाठवायची पद्धत एजेनंच सुरू केली. त्यांना मी न्यायचो. एजे स्वतः कधी आली नाही. संध्याकाळी मात्र कार्यालयात दिवा लावून थांबायची, त्यांना तास कसा झाला हे विचारायला.

एजेच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी अशीच एक तरुण शिक्षिका गेली होती. उत्साहानं सगळं सांगत होती, मुलांनी काय वाचलं, कुठे अडली, कशी सुटली. एजे प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. मग तिनं विचारलं, "आणि कुलुइपा? ती काय म्हणाली?"

"त्या?" मुलगी कौतुकानं म्हणाली. "त्या पूर्ण तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं उभं राहून बघत होत्या. आम्हाला हेच शिकवलंय ना एजे, बाई गप्प आणि मुलं वाचतात, हाच सगळ्यात चांगला तास?"

"हो," उमसुनाई एजे म्हणाली. "हाच."

मुलगी निघून गेली. एजेनं त्या तासाच्या कागदावर कुलुइपाला पैकीच्या पैकी गुण लिहिले, सही केली, आणि मला म्हणाली की तू जा घरी, मी चालत जाईन.